विचारायची रीत

माझ्या धंद्यात सौदा होतो तेव्हा माल कुठंच नसतो. असतो तो मोहोर. पौष-माघात आंब्याच्या बागेत उभं राहायचं, झाडांकडे पाहायचं, आणि वैशाखात काय लागेल याचा अंदाज बांधून मालकाशी बोलायचं. धुकं पडलं, तुडतुडा लागला, अवकाळी वारा आला, की मोहोर मातीत जातो आणि घेणारा बुडतो. म्हणून झाडापेक्षा मालकाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. आदिलाबाद, नेरडीगोंडा, निर्मल या पट्ट्यात मी आयुष्यभर बागा घेतल्या. बापाचा आधार नव्हता, शिक्षण सातवीपर्यंत. जे मिळवलं ते प्रश्न विचारून मिळवलं. पाणी कुठलं? राखणीला कोण असतं? आणि सगळं बोलणं झाल्यावर, निघता निघता, चपला पायात घालताना विचारायचा प्रश्न: गेल्या साली ज्यानं बाग घेतली, त्यानं यंदा काऊन सोडली? मालक काय उत्तर देतो ते महत्त्वाचं नसतं. उत्तर देण्याआधी तो कुठं पाहतो ते पाहायचं असतं.

विचारणारा मी. मला कोणी विचारलेलं मात्र मला खपत नसे. कुठं गेले होते, उशीर काऊन झाला, कोण भेटलं, असलं काही घरात कोणी विचारत नसे. बायको जेवायला वाढू का एवढं विचारायची. आणि बेल्याचा विषय तर कोणी काढतच नसे.

बेल्याला, आमच्या मूळ गावी, माझा मोठा भाऊ राहतो. शाळेत मास्तर होता. वडील गेले तेव्हा आमची बहीण लहान होती, मग तिच्या लग्नाचं पाहणं आम्हा दोघा भावांवर आलं. आमच्याकडे सुपारी फोडायची एक रीत आहे. बैठकीत सगळे जमले, की घरातला वडीलधारा एकेका भावाकडे पाहून विचारतो, "तुह्यं काय म्हननं?" धाकटा असो, अडाणी असो, रागीट असो, त्याला विचारायचंच. त्यानं "मले पसंत हाय" म्हटलं, की मग सुपारी. माझ्या बहिणीची सुपारी मला न विचारता फुटली. त्यानंतर मी बेल्याला गेलो नाही. बहिणीच्या लग्नालाही गेलो नाही. ती सासरी हैदराबादला गेली. एकदा संक्रांतीच्या सुमारास नवऱ्याला घेऊन माझ्या घरी येऊन गेली, तेव्हा मी बागेत होतो. नंतर ती आली नाही.

एवढं सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं. याच्यापलीकडचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लावेल असं कोणी विचारलं नव्हतं.

माझी धाकटी मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. पुढं कॉलेजात इंग्रजी आलं, तेलुगू तर बाजारात आलंच होतं. आमच्या जिल्ह्यात मराठी शिकलेल्या पोरांची कायम पंचाईत. इकडच्या नोकरीला तेलुगू कमी पडतं आणि नदीपलीकडचे महाराष्ट्रातले म्हणतात, तुम्ही आंध्राचे. तेव्हा आम्ही आंध्रातच होतो. तर बी. कॉम. झाल्यावर तिनं पेपरात वाचून हैदराबादच्या एका कंपनीत अर्ज केला. तिथं मुलं-मुली दिवसभर फोनवर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलतात, त्यांच्या तक्रारी ऐकतात. लेखी परीक्षेत ती पहिल्या झटक्यात निघाली. मग शिकवणीला बोलावलं, आणि शिकवणीच्या शेवटी फोनवर बोलण्याच्या परीक्षेत नापास होऊन ती परत आली.

ती घरात शिरली तेव्हाच मी ओळखलं. पिशवी दारात ठेवून उभी राहिली.

"काऊन नापास केलं?" मी विचारलं.

"बाई म्हने, तू गिऱ्हाइकाची उलटतपासनी घेते. पोलिसासारखी इचारते."

"मंग कसं इचारावं म्हने?"

"त्यालेच सांगावंसं वाटलं पायजे, असं." मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "बाई म्हने, घरी कोन असं बोलते?"

बायको चुलीकडून बोलली, "आता सांगू का कोन बोलते ते?"

मी रागावलो. शिकवणारी बाई कोण, तिनं माझ्या घरातलं बोलणं काढावं? पण मुलीला दुसरी संधी होती. महिन्याभरानं परत परीक्षा. नांदेडकडचं एक स्थळ माझ्या मनात होतं. मुलगा बँकेत, घरची शेती, मागणी काही नाही. मी सौदा ठेवला. या खेपेला नापास झाली तर नांदेडचं स्थळ, आणि हैदराबादचं नाव काढायचं नाही. पास झाली तर मी आडवा येणार नाही.

तिनं लगेच हो म्हटलं नाही. तिथंच मला वाटलं, पोरगी माझी आहे.

"एक अट हाय माही," ती म्हणाली. "सराव तुमच्यावर करीन मी. इंग्रजीत इचारीन, मंग मराठीत सांगीन. तुमी मराठीत उत्तर द्याचं. काय बी इचारलं तरी द्याचं. चिडाचं नाही."

"चिडलो तर?"

"चिडले तर नांदेड कॅन्सल."

बायको हसली. मी मान्य केलं. मला वाटलं, पोरगी काय विचारणार? आंब्याचं विचारेल, पावसाचं विचारेल.

मग रोज संध्याकाळी ओसरीवर आमची शाळा भरू लागली. तिच्या वहीत त्या बाईनं सांगितलेले प्रश्न होते. शाळेत शिकवलेले नव्हे. इंग्रजी माणसं घरात, मित्रांत, चहा पिताना जसं विचारतात तसे. ती म्हणाली, आपण शाळेत "व्हाय" शिकलो. व्हाय बरोबरच आहे, पण नुसता व्हाय गिऱ्हाइकाच्या छातीवर बोट ठेवल्यासारखा लागतो. "व्हाय डिड यू नॉट पे?" म्हटलं, की समोरचा फोन ठेवतो. त्याच्याऐवजी "हाऊ कम" म्हणायचं. त्यात आपल्याला नवल वाटल्याचा सूर असतो. असं कसं बरं झालं, सांगा तरी. आणि हाऊ कमच्या पुढं वाक्य सरळ ठेवायचं, बाकीच्या प्रश्नांसारखे शब्द मागंपुढं करायचे नाहीत. ती पहिल्या परीक्षेत हाऊ कमच्या पुढंही "डिड यू" म्हणाली होती. एवढ्यानं बाईनं नापास केलं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला कळतं म्हणे, की हे घोकलेलं आहे.

"व्हॉट फॉर" वेगळं. कशासाठी, कोणत्या कामासाठी. ते जवळच्यांत चालतं, पण आवाज चढला की भांडण होतं. "हाऊ अबाउट" म्हणजे आपलं काहीतरी पुढं करायचं, पण हुकूम करायचा नाही. हे मला फार आवडलं. आमच्या धंद्यात याच्यासाठी माणूस पानाचा डबा पुढं करतो. "व्हॉट्स अप" मात्र बरोबरीच्यांतच. वयस्कर गिऱ्हाइकाला नाही. आणि यातलं काहीही पहिल्या वाक्यात नाही. आधी सर, मॅडम, मे आय. समोरचा जरा सैल झाला, की मग घरच्या बोलण्यावर यायचं.

"सैल झाला हे फोनवर कसं कळते?" मी विचारलं.

"श्वासावरून."

बागेत मी नजर पाहतो, हिला नजर दिसणार नव्हती.

मोहोराचे दिवस होते. नेरडीगोंड्याजवळ एका रिटायर साहेबाची बाग होती, ती पाहायला गेलो. साहेब हैदराबादचे, शेतावर बंगली बांधून राहत. मी तेलुगूत बोललो तरी ते इंग्रजीत उत्तर देत, म्हणजे मी कोण ते मला समजावं. झाडं चांगली होती. निघताना चपला घालता घालता माझ्या मनात आलं, पाहू तरी. मी म्हणालो, "सर, लास्ट इयर पार्टी, हाऊ कम ही लेफ्ट?"

साहेब चमकले आणि मग हसले. खुर्चीत मागं रेलून त्यांनी सगळं सांगितलं. उन्हाळ्यात बोअर आटली, टँकरनं पाणी आणावं लागलं, कैऱ्या गळाल्या, गेल्या सालचा माणूस पार बसला. एरवी हे मला गावातल्या चार लोकांकडून काढावं लागलं असतं. आता भाव खाली आणणं सोपं होतं. पण मघाशी याच माणसानं मला पाणी भरपूर म्हणून सांगितलं होतं, ते आठवलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "यू नो दिस. व्हॉट फॉर यू डिडंट टेल मी?"

साहेब उभे राहिले. गड्याला फाटक उघडायला सांगितलं.

घरी येऊन सांगितलं तर मुलगी हसून हसून खाली बसली. "बाबा, ते सायबाले नाही म्हनत! ते मैत्रिनीले म्हनाचं, भावाले म्हनाचं. आन शब्द बी उलटेपालटे."

"त्यानं खोटं सांगतलं होतं."

"सांगतलं असन. पन हाऊ कमवर त्यानं खरं बी सांगतलं ना? मंग तिथं थांबाचं होतं."

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "आता इंग्रजीत बी भांडाले लागले. बरं झालं, एक भाषा राह्यली होती."

ती बाग गेली ती गेलीच. वैशाखात तिकडून जाताना पाहिलं, झाडं लगडली होती. त्या साली बोअर आटली नाही.

सरावात मुलगी सुधारत होती. सुरुवातीला प्रश्न टाकून माझ्याकडे रोखून पाहायची. मी उत्तर पुरं करायच्या आत दुसरा टाकायची. मी तिला म्हटलं, मालकानं बोलायला सुरुवात केली, की त्याच्या तोंडासमोर हात धरायचा नाही. ते तिनं उचललं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण विचारणं येत होतं, आणि ती दोन्हीची सांगड घालत होती. माझी पहिली बाग कोणती, सायकलवरून आंबे कसे नेले, बासरच्या जत्रेत दुकान लावलं तेव्हा काय झालं, असं बरंच तिनं माझ्याकडून काढलं. बायको म्हणायची, "मले नाही सांगतलं कधी हे." मी म्हणायचो, "तू कधी इचारलं?" ती म्हणायची, "इचारू देत होते का?"

परीक्षेला जाण्याच्या आधीची एक संध्याकाळ. मी सुतळी वळत होतो. मुलगी सुपात तूर घेऊन बसली होती. बायको तिच्याजवळच. मुलगी तुरीतले खडे वेचता वेचता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाबा, हाऊ कम यू नेव्हर गो टु बेला?"

तिनं मराठीत सांगितलं नाही. गरज नव्हती. बायकोचा हात थांबला.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. सुतळी हातात तशीच राहिली. सौदा मी मान्य केला होता. चिडायचं नाही. मग मी बाजारातली युक्ती केली, गप्प बसलो. सौद्यात दोघं गप्प बसले, की जो आधी बोलतो तो हरतो. मी भल्याभल्यांना असं बसवलं आहे. मुलगी खडे वेचत राहिली. तिनं वर पाहिलं नाही, प्रश्न परत केला नाही, समजावून सांगितला नाही. अंधारून आलं. बायको दिवा लावायला उठू लागली आणि परत बसली.

"गेल्तो," मी म्हणालो.

मुलीनं खडे वेचणं थांबवलं नाही. जरा वेळानं, हळूच, "सो व्हॉट हॅपन्ड?"

मी सांगितलं. सुपारीचा दिवस भावानं मला कळवला होता. मी निर्मलकडच्या बागेत होतो. माझ्या बहिणीला पाडाचा आंबा फार आवडायचा, म्हणून झाडाखाली पडलेला पहिला पाड टोपल्यात घालून मी निघालो, आणि ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच बेल्याच्या स्टँडवर उतरलो. स्टँडवर चहाच्या टपरीवाल्यानं माझा हात धरला. म्हणाला, तोंड गोड करा शेठ, तुमच्या बहिणीची सुपारी सकाळीच फुटली. नवऱ्याकडची मंडळी एक दिवस आधी आली होती. म्हणाली, सगळे वडीलधारे आलेच आहेत तर परत कशाला यायचं. तोपर्यंत मला राग नव्हता. असं होतं कधी कधी. पण तो टपरीवाला हसत हसत पुढं बोलला. म्हणाला, बैठकीत कोणी विचारलं, धाकल्याले इचारलं का? तर तुमचे मास्तर म्हणाले, त्याले काय इचारता, तो सौदा करत बसन. पोरगी हाय, आंब्याचा बगीचा नाही. आणि सगळी बैठक हसली.

त्या बैठकीत आमचे मामा होते, काका होते, नवऱ्याकडचे परके लोक होते. बहीण आतल्या दारामागं बसली असेल, तिनंही ऐकलं असेल. ज्या सौद्यांवर वडिलांमागं घरात धान्य आलं, त्यांच्यावर सगळे हसले. मास्तरांचा पगार पुढं सुरू झाला. आधी माझे आंबेच होते.

"मंग?" हे बायकोनं विचारलं. मराठीतच.

"मंग परतीच्या गाडीत बसलो."

मुलगी म्हणाली, "अँड द मँगोज?"

"कंडक्टरले देले."

तिनं आणखी काही विचारलं नाही. चूक कोणाची म्हणाली नाही, मोठेबाबांची, म्हणजे माझ्या भावाची, बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. सूप उचलून आत गेली. बायको तिथंच बसून होती. म्हणाली, "घरापाशी जाऊन आले, अन् आमाले वाटलं, तुमी निघालेच नाही." इतक्या वर्षांत माझ्याकडून जे कोणी काढू शकलं नाही, ते पोरीनं तुरीतले खडे वेचता वेचता काढलं, आणि देताना मला कळलंही नाही. धंद्यातला माणूस म्हणून मी मनात म्हटलं, ही पास होणार. नांदेड गेलं.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेलो. कंपनीची इमारत काचेची. आत सोडत नव्हते. समोरच्या कट्ट्यावर पिशवी आणि मुलीची पेटी घेऊन बसलो. दुपार कलली तेव्हा ती बाहेर आली. धावत नव्हती, पण चालणं निराळं होतं.

"झालं," ती म्हणाली.

"काय इचारलं?"

"बाई गिऱ्हाईक झाली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज काढला. वस्तू फुटकी आली म्हने, अन् शिव्याच देऊन राह्यली. मी सॉरी म्हटलं, मंग गप राह्यली. त्याचं बोलून झालं, की इचारलं, सो व्हॉट हॅपन्ड? मंग तो सांगतच बसला."

"तुले भेव नाही वाटलं?"

"नाही. वळखीचा वाटला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

सौद्याला मी बांधलेला होतो. चहा घेतला आणि अमीरपेटेत मुलींचं हॉस्टेल पाहायला गेलो. कंपनीतल्या एका मुलीनं पत्ता दिला होता. खाली लोखंडी फाटक, आत टेबलामागं चालवणाऱ्या बाई. खोल्या स्वच्छ होत्या. मी पाणी, जेवण, फाटक केव्हा बंद होतं, सगळं विचारलं, दर पाडला, बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या म्हणाल्या, "लोकल गार्डियन कौन है इनके?"

मी फळबाजारातल्या एका अडत्याचं नाव सांगितलं. जुनी ओळख, सचोटीचा माणूस.

"अडत्या नक्को साब. रिश्तेदार होना. बच्ची बीमार पड गई तो रात को कौन आता?"

मी मुलीकडे पाहिलं. ती फाटकाकडे पाहत होती. मालक उत्तर देण्याआधी कुठं पाहतो, ते पाहण्यात माझा जन्म गेला, म्हणून मीही फाटकाकडे पाहिलं. रिक्षा थांबली होती. चष्मा लावलेली, केस पिकलेली एक बाई पैसे देऊन आत आली. ती जवळ येईपर्यंत मी तिला ओळखलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली.

माझी बहीण. माझ्या डोळ्यांसमोर ती दोन वेण्यांचीच होती.

ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, "तू स्टँडपर्यंत आल्ता म्हने." तिनं चष्मा काढला. "मले वाटत होतं, तुले माह्यं स्थळ पसंत नव्हतं. इतकी वर्षं मी ह्यांच्याकडं पाहून पाहून इचार करत आली, ह्यांच्यात काय कमी दिसलं माह्या भावाले."

म्हणजे मुलीनं सांगितलं होतं. ओसरीवर घरातल्या घरात दिलेलं तिनं हैदराबादला पोचवलं होतं. मी मुलीला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं.

"कवापासून चालू हाय हे?"

"शिकवनीले आल्ती तवा पयल्यांदा भेटली आत्याले. गार्डियनचं तवाच ठरलं. स्टँडचं आता सांगतलं, फोनवर."

"मले इचारलं का?"

"नाही."

"काऊन नाही इचारलं?" रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. "माही बहीन, माही गोष्ट, माही पोरगी. अन् इचाराचं नाही? त्यानं नाही इचारलं, तू बी नाही इचारलं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागं सरली नाही. "भेव वाटलं."

"मी नाही म्हनलो असतो, म्हनून?"

"नाही. हो म्हनले असते. सौद्यात बसते म्हनून हो म्हनले असते, अन् मंग जन्मभर माह्याशी बोलले नसते. आत्यासंगं झालं तसं." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मले नोकरी पायजे, बाबा. पन तशी नाही पायजे."

समोर फुलवाला हार ओवत होता. मला माझं घर आठवत होतं, त्यातल्या संध्याकाळी, आणि मी आलो की थांबणारं बोलणं. तिनं जे केलं ते चूक होतं. आजही मी तेच म्हणेन. माझं मला विचारल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचा तिला अधिकार नव्हता. पण ते चूक आहे एवढंच घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो असतो, तर तिला इथं खोली मिळाली नसती, आणि माझ्या घरातही ती राहिली नसती. नांदेडला गेली असती, बोलली नसती.

आत गेलो. बाई कंटाळल्या होत्या. बहीण खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. मुलगी माझ्या मागं.

बाईंनी बहिणीला विचारलं, "आप फुप्पी होतीं?" फुप्पी म्हणजे आत्या. तिनं होकारार्थी मान हलवली. मग बाई माझ्याकडे वळल्या. रोज दहा बापांना विचारत असतील, तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "साब, ये गार्डियन रहे तो आपकू कुछ एतराज तो नहीं ना? बाप से पूछना पडता, हमारा कायदा है."

बहीण खाली पाहत होती. मुलीचा श्वास मला मागं ऐकू येत होता.

"नहीं," मी म्हणालो. ते बाईंना ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणालो, "नहीं. मेरी बहन है."

बहिणीनं घरी चल म्हटलं, नवरा वाट पाहतोय, स्वयंपाक झालाय. मी गेलो नाही. एका दिवसात एवढंच माझ्याच्यानं होत होतं. तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला, गाडीत खा म्हणाली. मुलीची पेटी दोघींनी दोन बाजूंनी धरून जिन्यावर चढवली. मी खाली उभा राहून पाहिलं. वळणावर दिसेनाशा झाल्या, तरी बोलणं ऐकू येत होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी रविवारी आत्याच्या घरून फोन करायची, मग आत्या फोन घ्यायची. सुरुवातीला आम्ही हवापाण्याचं बोलायचो. मग ती विचारू लागली आणि मी सांगू लागलो. पुढं एका उन्हाळ्यात बहीण नवऱ्याला घेऊन आमच्याकडे राहायला आली. मी पाहुण्यांना स्वतः बागेत नेलं. माणूस चांगला आहे. सुपारीच्या वेळी विचारलं असतं तर मी पसंतच म्हटलं असतं.

बेल्याला मी अजून गेलेलो नाही. मुलीनं एकदा तेही विचारलं, त्याच मऊ आवाजात, आणि मी तिला खरं ते सांगितलं: तिथं जायला मला कोणी अडवलेलं नाही, पण विचारायचं होतं ते मोठ्या भावानं, आणि ते अजून त्याच्याकडे बाकी आहे. तो आता थकला आहे म्हणतात, डोळ्यांनी कमी दिसतं. मीही थकलो. त्यानं आदिलाबादच्या स्टँडवर उतरून कोणालाही विचारलं, तरी माझं घर दाखवतील.